साठ टक्के म्हणजे प्रथम श्रेणी

फोंड्यातील आमच्या खानावळीचे रेटिंग सध्या ४.२ आहे. गणपतीच्या चवथीपर्यंत ते ५ होते. म्हणजे गूगल मॅप्सवर नऊ जणांनी रिव्ह्यू लिहिले होते आणि नऊही जणांनी पाच स्टार दिले होते. आजीने चुलीवर सुरू केलेला, वडिलांनी गॅसवर आणलेला आणि माझ्या हाती क्यूआर कोडसकट आलेला हा धंदा त्यापूर्वी कोणी दशांश चिन्ह लावून मोजला नव्हता. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी आले तर जेवण आवडले आणि न आले तर त्याची बदली झाली, असे समजून आमच्या दोन पिढ्या सुखाने झोपल्या.

ही घसरण तीन रिव्ह्यूंनी केली. पहिला, मंगेशीचे दर्शन घेऊन आमच्याकडे आलेल्या एका गृहस्थांचा. सोमवारी आमच्याकडे मासळी शिजत नाही. त्यांना इस्वण हवे होते. ज्या देवाच्या पायांशी ते तासापूर्वी उभे होते त्याचाच हा वार आहे, हे मी नम्रपणे सांगितले, तर ‘गोव्यात येऊन मासे नाहीत, फसवणूक’ असे लिहून त्यांनी एक स्टार दिला. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात काय काय वाचावे लागेल, याची मी आतापासून धास्ती घेतली आहे. दुसऱ्या रिव्ह्यूत, तोही एका स्टारचा, ‘येथून समुद्र दिसत नाही’ अशी तक्रार आहे. फोंड्यातून समुद्र दिसत नाही ही गोष्ट खरीच आहे, पण ती आमच्या खानावळीमुळे घडलेली नाही. हे गृहस्थ दुसरीकडेच कोठेतरी जेवले असावेत, म्हणून पुतण्याने रीतसर तक्रार नोंदवली. नियमभंग आढळला नाही, असे उत्तर आले. मालकाला रिव्ह्यू पटत नाही एवढ्या कारणावरून तो काढला जात नाही.

हे दोन्ही घाव परक्यांचे होते. तिसरा मात्र मास्तरांचा निघाला.

मास्तरांनी मला आठवीत मराठी शिकवले. निवृत्त झाल्यापासून ते दुपारी साडेबाराला येतात, पंख्याखालचे कोपऱ्यातले टेबल घेतात आणि जेवण संपेपर्यंत कोणाला दुसरी खुर्ची ओढू देत नाहीत. वर्तमानपत्राला पत्रे लिहिण्याची त्यांना जुनी सवय असल्यामुळे रिव्ह्यूचीही सुरुवात ‘महोदय’ अशी होती. ‘सदर खानावळीत मी अनेक वर्षे भोजन करीत आहे. उकड्या तांदळाचा भात समाधानकारक. बांगड्याच्या हुमणात मसाल्याची तेफळे असतात, तथापि ती पुरेशी ठेचलेली नसतात. किसमुरीत खोबऱ्याचे प्रमाण शुक्रवारी घटते. मालक सुस्वभावी आहे, परंतु गर्दीच्या वेळी सोलकढी पातळ होते.’ आणि खाली तीन स्टार.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः भात वाढायला गेलो.

“मास्तर, आमचे काही चुकले का?”

“असे का विचारतोस?”

“तीनच स्टार दिलेत.”

“तीन भागिले पाच किती?”

आठवीतला मुलगा माझ्या आत अजून उभाच होता. “साठ टक्के.”

“साठ टक्क्यांना काय म्हणतात?”

“प्रथम श्रेणी.”

“मग रडतोस कशाला?”

१९८५ साली गोवा विद्यापीठ स्थापन होण्यापूर्वी येथील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती आणि मास्तर त्या काळातले पदवीधर आहेत. त्या पिढीत साठ टक्के मिळवलेल्या माणसाला लोक रस्त्यात थांबवून पाहत असत. मी धीर करून चार स्टार कोणाला मिळतात ते विचारले. “चार म्हणजे ऐंशी. मराठीला ऐंशी मी कोणाला दिले नाहीत. तुला चौपन्न होते.” शेजारच्या टेबलावर कदंब बसचा एक कंडक्टर जेवत होता. त्याला माझी दया आली असावी. “मास्तर, आणखी दोन दिले म्हणून तुमचे काय जाते? फुकटच तर आहेत.” मास्तरांनी बांगड्याचा काटा ताटाच्या कडेला नीट ठेवला. “तू फोंडा-पणजीचे तिकीट मागणाऱ्याला मडगावपर्यंतचे देतोस का? तेही तुझ्या खिशातून जात नाही.” कंडक्टरने ताटात मान घातली ती हात धुवायला उठेपर्यंत वर केली नाही.

मी त्यांना समजावले की लोक ४.५ ची चाळणी लावूनच जागा शोधतात, त्या चाळणीतून आम्ही गळलो आहोत आणि वर यायला आता पाच स्टारचे आठ रिव्ह्यू लागतील. “मग तेफळे ठेच,” ते म्हणाले.

त्याच सुमारास पणजीहून एक तरुण आला. ‘कौटुंबिक व्यवसायांची ऑनलाइन प्रतिष्ठा’ सांभाळणे हे त्याचे काम होते आणि महिना ठरावीक रकमेत तो पाहिजे तेवढे पाच स्टार पुरवणार होता. ते देणारे लोक फोंड्याला आलेले असण्याची अट नव्हती. मी त्याला चहा पाजून वाटेला लावले, पण त्यानंतर मला जो राग आला तो अजून उतरलेला नाही. विकतचे रिव्ह्यू नियमात बसत नाहीत, हे योग्यच आहे. रिव्ह्यूच्या बदल्यात एक वाटी मणगणेही देता येत नाही. पहाटे उठून नारळ खवणाऱ्या माझ्या पत्नीने आपल्याच खानावळीविषयी रिव्ह्यू लिहायचा नाही, कारण तिचा हितसंबंध गुंतलेला आहे. फोंड्यात समुद्र शोधणाऱ्याचा मात्र कशातच हितसंबंध नसल्यामुळे त्याचे म्हणणे जगासमोर राहते. दुपारी साडेतीनला शटर खाली पाहून कोणीतरी आम्हाला ‘कायमचे बंद’ ठरवण्याची सूचनाही पाठवली होती. गोव्यात त्या वेळी माणसे झोपतात, हे नकाशाला कोणी सांगायचे? भारतीय मानक ब्युरोने २०२२ साली ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक काढले आहे. पुतण्याने ते वाचून सांगितले की रिव्ह्यू लिहिणारा खरा असावा, त्याने अनुभव स्वतः घेतलेला असावा आणि त्याच्यावर कोणाचे दडपण नसावे. या कसोटीला पूर्णपणे उतरणारा आमच्याकडे एकच रिव्ह्यू आहे आणि तो तीन स्टारचा आहे.

काल पत्नीने तेफळे पाट्यावर ठेचून घातली. मास्तरांनी हुमण तीनदा मागून घेतले, तिसऱ्यांदा तर वाटीच पुढे केली. मी काही न बोलता उभा राहिलो. “बरे आहे,” ते म्हणाले, “पण गुण बदलायचे तर सातत्य पाहावे लागते. चवथीपर्यंत बघू.” चवथ नुकतीच होऊन गेली आहे. मग हात धुऊन, चष्मा लावून त्यांनी उधारीच्या वहीतली आपली बेरीज तपासली आणि जादा हुमणाचे दहा रुपये खोडायला लावले.