घुबडं, बेडूक आणि गेलेला रंग: आपल्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार मॅडम,

आमच्याकडून घेतलेल्या कांशाच्या सेंटर टेबलाला तुम्ही एक स्टार दिलात. तुमच्या तक्रारी तीन. दिवाळीच्या साफसफाईत तपकिरी रंग जाऊन खालून पिवळं निघालं, म्हणजे आम्ही पितळेला रंग फासून कांशाच्या भावाने विकलं. पायांवरची घुबडं आणि मधला बेडूक उगाच चिकटवलेले, त्यात घुबड अशुभ. आणि हे सगळं दिएगो जाकोमेत्ती या स्विस शिल्पकार-फर्निचरकाराची नक्कल.

रंगाचं आधी सांगतो. तो वरून लावलेला रंग नव्हताच. ओतकाम कानसून झालं की ते गॅसच्या ज्योतीने तापवतात आणि त्यावर पोटॅशियम सल्फाइडचं पाणी ब्रशने मारतात. धातूचाच वरचा थर काळसर तपकिरी होतो, मग त्यावर मेण. हा थर पातळ असतो. मावशींनी चिंच-मीठ लावून घासलं, असं तुम्हीच लिहिलंय. देवाची भांडी लख्ख होतात ती याच आम्लाने, मग हा थर टिकणार कसा? बिलासोबतच्या कागदावर ‘कोरडं मऊ फडकं, वर्षातून एकदा मेण, आंबट काही नको’ असं मराठीतच छापलेलं आहे. आणि ताजं घासलेलं कांसं पिवळसरच दिसतं. पितळेत तांब्याबरोबर जस्त असतं, आमच्या मिश्रणात दहा टक्क्यांच्या आसपास कथील. नुसत्या नजरेने हा फरक भल्याभल्यांना कळत नाही. धातू तपासणाऱ्या कुठल्याही लॅबमध्ये टेबल दाखवा. कथलाच्या जागी जस्त निघालं तर पूर्ण पैसे परत, तपासणीचा खर्चही आमचा.

आता प्राणी. ‘तो बेडूक कापून द्या’ असं तुम्ही फोनवर म्हणाला होतात. टेबल एकदा खालून बघा. आडव्या दांड्या मधोमध जिथे एकत्र येतात तिथे बेडूक बसलाय, आणि दांड्यांची टोकं त्याच्या पोटातल्या खोबणीत अडकवलेली आहेत. बेडूक काढला की चारही पाय डुगडुगायला लागतील. घुबडांचंही तसंच. तो आपल्याकडचा पिंगळा आहे. त्याला कानांसारखी उभी पिसं नसतात, डोकं गोल आणि वरून चपटं, म्हणून काच त्याच्यावर नीट टेकते. डोक्यावरची रबराची बारीक चकती तेवढ्यासाठीच आहे. पाय आणि पिंगळा एकाच ओतात निघतात, त्यामुळे चिकटवण्याचा प्रश्नच येत नाही.

प्राण्यालाच कामाला लावायची ही युक्ती दिएगोकडूनच घेतली, आणि आम्ही ते शोरूममध्ये येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. त्याचा भाऊ आल्बेर्तो हा नावाजलेला शिल्पकार; त्याच्या शिल्पांचे सांगाडे बांधता बांधता, साचे काढता काढता दिएगोचा हात तयार झाला. त्याच्या टेबलांच्या दांड्या काटक्यांसारख्या बारीक, आणि त्यांच्यावर कुठे पक्षी, कुठे बेडूक. पॅरिसचं पिकासो संग्रहालय १९८५ मध्ये उघडलं, तिथले दिवे आणि बाकं त्याची. उद्घाटनाच्या काही महिने आधीच तो गेला. फ्रान्स्वा-झाव्हिए लालान्न या फ्रेंच शिल्पकाराने १९६४ मध्ये अख्खा गेंडाच केला, कूस उघडली की आत लिहायचं टेबल. बघायला मजा येते, पण माझ्या मते तिथे प्राणी फर्निचरला गिळून टाकतो. मला बेडूक बेडकाएवढाच बरा वाटतो.

पण फर्निचरला प्राणी लावणं ही दिएगोचीही मिरासदारी नव्हे. प्राचीन इजिप्तच्या खुर्च्यांना सिंहाचे पाय असत, तेही पुढे पुढचे आणि मागे मागचे, जणू खुर्ची चालायलाच निघाली आहे. रोमन पलंगांच्या टेकणांवर खेचरांची कांशाची डोकी असत. आपल्या समईवरचा मोर किंवा हंस तर तुमच्याही घरी असेल. नक्कल म्हणजे दिएगोचं टेबल जसंच्या तसं ओतून त्याच्या नावावर खपवणं. तसलं काम आम्ही घेत नाही.

शुभ-अशुभावर वाद घालत नाही, घर तुमचं आहे. मात्र मेणाचा नमुना तुम्ही पाहून पसंत केला होता, कासव आणि मोर हे पर्यायही समोर होते. आता घुबडं बदलायची तर चारही पाय नव्याने ओतावे लागतील, आणि तो खर्च तुम्हाला द्यावा लागेल.

तपकिरी थर आम्ही पुन्हा चढवून देऊ, त्याचे पैसे घेणार नाही. ने-आण फक्त तुमच्याकडे. आणायच्या आदल्या दिवशी फोन करा म्हणजे कारागीर जागेवर असेल. काच घरीच ठेवा, तिची गरज नाही. टेबल उचलताना दोन माणसं लागतील, आणि दांड्यांना धरू नका, पायांना धरा.