२१ दिवसांत सवय सुटली नाही, तर दोष तुमचा नाही

नवं वर्ष आलं की एक मेसेज हमखास फिरतो. शब्द इकडचे तिकडे होतात, मजकूर तोच: "कुठलीही वाईट सवय २१ दिवसांत मोडते. फक्त इच्छाशक्ती हवी. एक दिवस जरी चुकला तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. पंचविशीच्या आत बदललात तर बदललात, नंतर मेंदू पक्का होतो. डॉक्टर, औषधं हे कमकुवत मनाच्या लोकांसाठी."

पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण हा मेसेज ज्यांच्यापर्यंत पोचतो ती बहुतेक विशीतली मुलंमुली असतात. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत चालणारा फोन, सिगारेट, वेळी-अवेळी खाणं, शनिवारची दारू हळूहळू बुधवारवर येणं, यातून ती मनापासून बाहेर पडू बघत असतात. बाविसाव्या दिवशी सवय तिथेच असते आणि हा मेसेज त्यांना सांगतो की कमी पडलात ते तुम्हीच. मला याचा राग येतो, म्हणून यातला एकेक दावा तपासून बघू.

"२१ दिवसांत सवय मोडते."

हा आकडा मुळात सवयींचा नाहीच. अमेरिकेतले प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल माल्ट्झ यांनी १९६० साली आपल्या पुस्तकात एक निरीक्षण लिहिलं. शस्त्रक्रियेनंतर आरशातला नवा चेहरा आपला वाटायला रुग्णांना किमान २१ दिवसांच्या आसपास लागतात, असं त्यांना दिसलं होतं. पुढे सांगोवांगी त्यातला 'किमान' गळला, चेहराही गळला आणि उरला तो नुसता आकडा.

सवयीला किती दिवस लागतात हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष मोजायचा प्रयत्न केला. तो अभ्यास २०१० साली छापून आला. ९६ जणांनी खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एकेक छोटी गोष्ट निवडली आणि १२ आठवडे तिची रोज नोंद ठेवली. ती गोष्ट विचार न करता व्हायला लागायला लागलेला काळ, मध्यक (म्हणजे निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) धरला तर, ६६ दिवस निघाला. पण खरी बातमी त्याच्या दोन टोकांत आहे: कुणाला १८ दिवस, तर कुणाला, १२ आठवड्यांच्या नोंदींवरून पुढचा अंदाज काढला तर, २५४. ग्लासभर पाणी पिणं लवकर अंगवळणी पडलं, व्यायामाला बराच जास्त वेळ लागला. शिवाय हा सगळा अभ्यास नवी सवय लावण्याचा होता, जुनी सोडण्याचा नव्हे. त्यामुळे आता २१ च्या जागी ६६ चा मेसेज फिरवण्यातही अर्थ नाही.

जुनी सवय सोडणं ही गोष्टच वेगळी आहे, कारण ती पुसली जात नाही. पावलोव्हच्या कुत्र्यांची गोष्ट शाळेत अर्धीच सांगतात: एका खुणेबरोबर पुन्हापुन्हा खाणं दिलं की पुढे नुसत्या खुणेनेही त्यांची लाळ सुटायला लागते. पुढचा अर्धा भाग असा. खुणेबरोबर खाणं द्यायचं बंद केल्यावर कुत्र्यांची लाळ सुटायची थांबली. पण मधे काही काळ जाऊ देऊन तीच खूण पुन्हा केली, तेव्हा लाळ परत सुटली. जुनं शिकलेलं खाली तसंच राहतं आणि त्याच्यावर नवं शिकणं बसतं. म्हणून चार महिने सिगारेट न ओढलेल्या मुलीला जुन्या मित्रमैत्रिणींच्या घोळक्यात, त्याच कट्ट्यावर, एकदम तलफ येते. तिचे चार महिने वाया गेले असा त्याचा अर्थ नाही. ती जागा अजून तिला ओळखते, इतकंच.

"फक्त इच्छाशक्ती हवी."

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं.

२०११ साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला एक प्रयोग बघा. सिनेमा हॉलमध्ये लोकांना पॉपकॉर्न दिले. काहींना ताजे, काहींना आठवडाभर शिळे, मऊ पडलेले. ज्यांना सिनेमा बघताना पॉपकॉर्न खायची पक्की सवय होती, त्यांनी शिळेसुद्धा ताज्याइतकेच संपवले. आवडले का विचारलं तर नाही म्हणाले. हात मात्र चालूच होता. हेच साध्या मीटिंगच्या खोलीत केलं, तेव्हा शिळे पॉपकॉर्न बाजूला राहिले. मग सिनेमा हॉलमध्येच, पण ज्या हाताने एरवी खात नाही त्या हाताने खायला सांगितलं, तर तिथेही शिळे कमी खाल्ले गेले.

यात कुणाची इच्छाशक्ती वाढली? कुणाचीच नाही. एकदा जागा बदलली, एकदा हात बदलला. सवय चालते ती जागा, वेळ, सोबत आणि हाताला मिळणारी सोय यांच्यावर. सकाळी गजर बंद करायला फोन हातात घेतला जातो आणि डोळे नीट उघडायच्या आत अंगठा स्क्रीनवर सरकायला लागतो. तिथे निश्चय करायला मन अजून जागंच झालेलं नसतं.

ज्यांना आपण 'मनाचे पक्के' म्हणतो, त्यांच्याबद्दलही आपला समज उलटा आहे. जर्मनीत २०० हून अधिक लोकांना आठवडाभर दिवसातून अनेकदा विचारलं गेलं की आत्ता तुम्हाला कशाचा मोह होतोय का, तुम्ही तो आवरताय का. ज्यांचा स्वतःवर ताबा जास्त होता, त्यांनी मोहाशी झगडल्याचं कमी वेळा सांगितलं. बहुधा ही माणसं मोहाच्या वाटेलाच कमी जातात.

सगळ्यात ठळक उदाहरण व्हिएतनाम युद्धातलं. तिथल्या अमेरिकी सैनिकांत हेरॉइन पसरलं होतं आणि जवळपास पाचातला एक जण आपण त्याच्या आहारी गेलो असं सांगत होता. संशोधक ली रॉबिन्स यांनी १९७१ साली परतलेल्या सैनिकांचा मागोवा घेतला. तिथे व्यसनात अडकलेल्यांपैकी मायदेशी पहिल्या वर्षात पुन्हा अडकले ते सुमारे ५ टक्के. याला कारणं अनेक होती, पण युद्धभूमी, ती संगत आणि हाताशी असलेला माल मागे राहिला हे त्यातलं मोठं.

देश बदलणं प्रत्येकाला जमणार नाही. पण फोनचा चार्जर झोपायच्या खोलीबाहेर नेणं, गजराला साधं घड्याळ आणणं, सिगारेटचं पाकीट जवळ न बाळगणं, हे जमतं. पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी सुचवलेली एक पद्धतही बऱ्यापैकी तपासली गेली आहे: 'असं झालं तर मी हे करेन' हे आधीच ठरवून ठेवायचं. 'सिगारेट सोडायची' हे पुरेसं नाही. 'जेवणानंतर सगळे बाहेर निघाले की मी पाणी प्यायला दुसरीकडे जाईन' हे पुरेसं नेमकं आहे. ९४ चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात याचा चांगला उपयोग दिसला. आयुष्यात मोठा बदल होतो तेव्हा, म्हणजे नवी नोकरी, नवी खोली, नवं कॉलेज, जुन्या खुणा आपोआप तुटतात. विशीत असे बदल वरचेवर येतात. पहिल्या आठवड्यातच काय कुठे ठेवायचं ते ठरवून टाका, कारण नंतर ती खोलीही सवयीची होते.

"एक दिवस चुकला की पहिल्यापासून."

लॅली यांच्याच अभ्यासात हे तपासलं होतं. एखादा दिवस चुकल्याने सवय बसण्यात लक्षणीय फरक पडला नाही.

मोजणी शून्यावर आणण्याचा परिणाम मात्र नक्की होतो. व्यसनमुक्तीत काम करणारे मानसशास्त्रज्ञ अॅलन मारलॅट यांनी तो नेमका टिपला होता. एकदा पाय घसरला की 'आता सगळं गेलंच' असं वाटतं, आणि त्या वाटण्यापोटी माणूस एका सिगारेटवर न थांबता पाकीट संपवतो. एका सिगारेटने जेवढं बिघडलं नसतं, तेवढं तिच्या अपराधीपणाने बिघडतं. चाळीस दिवसांतून दोन दिवस चुकले, तर अडतीस दिवस तुमचेच आहेत. त्या दोन दिवशी कुठे होता, कोण बरोबर होतं, झोप झाली होती का, एवढं लिहून ठेवा. पुढच्या वेळी तेच उपयोगी पडतं.

"पंचविशीनंतर मेंदू पक्का होतो."

मेंदूचा पुढचा भाग विशीतही घडत असतो, हे खरं. पण पंचविसाव्या वाढदिवसाला कुठलंही दार बंद होत नाही. माणूस साठीतही नवं शिकतो. ब्रिटिश डॉक्टरांच्या ५० वर्षं चाललेल्या पाहणीत, रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी २००४ साली मांडलेला हिशेब असा: धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांचं आयुष्य सरासरी सुमारे १० वर्षांनी घटतं. वयाच्या तिसाव्या वर्षाच्या सुमारास सोडलं तर ही जवळपास सगळी वर्षं परत मिळतात, चाळिसाव्या वर्षी सुमारे ९, पन्नासाव्या वर्षी ६, साठाव्या वर्षी ३. लवकर सोडण्यात फायदा आहेच, पण उशीर झाला म्हणून सोडूच नये असा एकही आकडा त्यात नाही.

"डॉक्टर, औषधं कमकुवत मनाच्या लोकांसाठी."

हे वाक्य कृपा करून पुढे पाठवू नका. निकोटिनची ओढ शरीराची असते. सोडल्यावर चिडचिड, अस्वस्थता, झोप उडणं हे पहिल्या काही दिवसांत सगळ्यात तीव्र असतं. निकोटिनचा च्युइंगगम किंवा पट्टी वापरल्याने सिगारेट सुटण्याची शक्यता सुमारे ५० ते ६० टक्क्यांनी वाढते. नखं खाणं, रात्री फोन बघणं यासाठी डॉक्टर लागत नाही, पण सगळ्या सवयी एका रांगेत बसवता येत नाहीत.

दारूचं तर मुद्दाम सांगायला हवं. रोज भरपूर पिणारा, सकाळी उठल्यावर हात थरथरतात म्हणून घोट घेणारा कुणी या मेसेजच्या भरात 'आजपासून एकदम बंद' ठरवत असेल, तर त्याला थांबवा. अशा शरीराला अचानक दारू मिळाली नाही, तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. पुढे दोन ते चार दिवसांच्या सुमारास भ्रम, ताप, प्रचंड घालमेल होऊ शकते आणि उपचार न मिळाल्यास त्यात जीव जाऊ शकतो. दारू त्यानेही सोडायचीच आहे, पण पहिला दिवस ठरवायच्या आधी डॉक्टरकडे जायचं आहे, आणि आपलं माणूस असेल तर आपणही त्याच्याबरोबर जायचं आहे.