‘तुम्ही आहात तसेच परिपूर्ण आहात’ असं पतंजली म्हणत नाहीत

जून उजाडला की योगदिनाच्या शुभेच्छांबरोबर एक मजकूर हमखास फिरू लागतो. कमळ, मागे उगवता सूर्य आणि खाली ‘पतंजलींचा पाच हजार वर्षांपूर्वीचा संदेश’. त्याचा सारांश असा: तुम्ही आहात तसेच परिपूर्ण आहात, स्वतःला बदलण्याचा खटाटोप सोडा. संतोष म्हणजे जे आहे त्यात सुख मानणं. अहिंसेची सुरुवात स्वतःपासून, म्हणून मनाला नको असेल ते करू नका. हे जगलात तर मनाच्या आजारासाठी डॉक्टर आणि गोळ्या लागणार नाहीत. आणि शेवटी, निगेटिव्ह माणसांची उपेक्षा करा.

पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. दिवसभर दमलेल्या माणसाला ‘तू ठीक आहेस’ असं कुणीतरी म्हणावं, यात गैर काय? पण ते कुणीतरी स्वतःच्या नावाने म्हणावं. खाली सही पतंजलींची असेल, तर त्यांची मूळ योगसूत्रं उघडून बघायला हवीत.

पाच हजार वर्षांचं आधी उरकू. योगसूत्रांचा काळ अभ्यासक साधारण इसवी सनापूर्वीचं दुसरं शतक ते इसवी सनाचं पाचवं शतक यांच्या दरम्यान कुठेतरी धरतात. मतभेद पुष्कळ आहेत, पण पाच हजारांपर्यंत ते जात नाहीत.

आता ‘परिपूर्ण’. या वाक्यात अर्धं सत्य आहे आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. योगसूत्रं सुरू होतात ती अशी: योग म्हणजे चित्तवृत्तींचा, मनात उठणाऱ्या तरंगांचा, निरोध, म्हणजे ते थांबणं. तो साधला की द्रष्टा स्वतःच्या रूपात राहतो. एरवी तो वृत्तींशी एकरूप होऊन बसलेला असतो. हा जो द्रष्टा, पाहणारा, त्याच्यात पतंजलींना काहीच कमी दिसत नाही. तो सुधारायचा नसतो, घडवायचा नसतो. इथवर फॉरवर्ड बरोबर आहे.

पण फॉरवर्ड वाचणारा ‘मी’ म्हणून ज्याला ओळखतो तो कोण? ऑफिसात कुढणारा, घरी येऊन मुलांवर खेकसणारा, मित्राने नवी गाडी घेतल्याचा फोटो पाहून आतल्या आत जळणारा. पतंजलींच्या हिशोबात हा द्रष्टा नव्हे. हे सगळं चित्ताचं चाललेलं असतं. पाहणारा आणि पाहण्याचं साधन यांना एकच धरून बसणं, याला ते अस्मिता म्हणतात आणि अविद्या, अस्मिता, राग, द्वेष, अभिनिवेश या पाच क्लेशांत, म्हणजे दुःखाच्या मुळांत, तिला दुसरं स्थान देतात. (इथला राग म्हणजे संताप नव्हे, आसक्ती.) ‘मी असाच आहे आणि असाच छान आहे’ हे वाक्य या यादीशेजारी ठेवून पाहा. फॉरवर्ड ज्याला औषध म्हणतो, ते सूत्रांत दुखण्यांच्या यादीत सापडतं.

स्वतःचा स्वीकार मग योगदर्शनात नाहीच का? आहे, आणि माझ्या मते फॉरवर्डमधल्यापेक्षा कितीतरी टिकाऊ आहे. संताप हा ‘माझा स्वभाव’ नसून चित्तात उठलेली एक वृत्ती आहे, असं एकदा धरलं की तो लाजून लपवावा लागत नाही, कारण तो म्हणजे मी नव्हे. त्याच कारणाने तो कुरवाळावाही लागत नाही. आपल्यातलं वाईट बिनदिक्कत बघता येतं आणि त्यावर कामही करता येतं. पाचवा क्लेश अभिनिवेश, म्हणजे जगण्याला चिकटून राहणं, मरणाचं भय. तो विद्वानांतही तसाच मुरलेला असतो, ‘विदुषोऽपि’, असं सूत्रकार स्पष्ट लिहितात. रात्री दोनला छातीत धडधडून जागं होणाऱ्याला हे दोन शब्द ‘तुम्ही परिपूर्ण आहात’पेक्षा जास्त धीर देतील.

संतोषाचं पाहू. पतंजलींनी सांगितलेले नियम पाच: शौच, संतोष, तप, स्वाध्याय, ईश्वरप्रणिधान. एकाच सूत्रात संतोषाला लागून तप बसलंय. नुसतं ‘आहे ते बरं’ एवढंच सांगायचं असतं, तर पुढचा शब्द कशाला हवा होता? सूत्रांवरच्या जुन्या टीकेत, व्यासभाष्यात, संतोषाचा अर्थ हाताशी असलेल्या साधनांपेक्षा जास्तीची हाव न धरणं असा दिला आहे. म्हणजे संतोष साधनांबाबत आहे. साधनेत ढिलाई करायला तिथे परवानगी नाही. उलट अभ्यास कसा हवा हे पहिल्याच पादात, म्हणजे प्रकरणात, येतं: दीर्घकाळ, खंड न पाडता, आदराने केलेला. आणि वाटेतल्या नऊ अडथळ्यांत आळस नावानिशी हजर आहे.

इथे कुणीतरी तुकोबांना पुढे करतोच: ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे, चित्ती असो द्यावे समाधान’. अभंग खरा आहे. पण ‘रात्रंदिन आम्हां युद्धाचा प्रसंग, अंतर्बाह्य जग आणि मन’ म्हणणारेही तेच तुकोबा, आणि ‘ओले मूळ भेदी खडकाचे अंग, अभ्यासासी सांग कार्यसिद्धी’ हेही त्यांचंच. गाथेतला एक अभंग उचलायचा आणि बाकीच्यांकडे पाठ फिरवायची, हा व्यवहार तुकोबांनी खपवून घेतला नसता.

स्वीकार आणि कष्ट एकत्र कसे नांदतात हे पाहायचं तर योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांची पद्धत घ्या. लहानपणी मलेरिया, टायफॉइड, क्षय यांनी पिचलेला हा मुलगा 1937 साली पुण्यात योग शिकवायला आला आणि पुढे पुण्याचाच झाला. पाय हातात येत नाही? पट्टा घ्या. हात जमिनीला टेकत नाही? खाली वीट ठेवा. पाठ धरते? खुर्चीचा आधार घ्या. शरीर आज जसं आहे तसं मान्य, पण आसनातून सुट्टी नाही. खुर्चीवर लोंबकळत गुरुजींच्या पुढच्या सूचनेची वाट पाहिलेल्यांना विचारा, ‘खटाटोप सोडा’ हे त्यांनी कधी ऐकलं का.

‘मनाला नको असेल ते करू नका’ ही अहिंसा तर निव्वळ सोयीची. देहाचा छळ योगाला मान्य नाही, हे कबूल. तप चित्ताची प्रसन्नता न बिघडवता करावं असं व्यासभाष्यच सांगतं. गीतेच्या सहाव्या अध्यायातही अति खाणाऱ्याला किंवा अजिबात न खाणाऱ्याला योग साधत नाही, असं आहे. पण सूत्रांतली अहिंसा दुसऱ्याकडे तोंड करून उभी आहे आणि पळवाटा एकेक करून बुजवते. हिंसा स्वतः केलेली, करवलेली आणि नुसती अनुमोदन दिलेली, तिन्ही धरली आहेत. मारहाणीच्या व्हिडिओखाली अंगठा दाखवणाऱ्यांनी हा तिसरा प्रकार जरा सावकाश वाचावा. शिवाय यम, म्हणजे अहिंसेसारखी व्रतं, ही जात, स्थळ, काळ, प्रसंग यांच्या अटीविना पाळायची. भाष्यात अटींची उदाहरणं आहेत: मी फक्त मासेच मारीन, तीर्थक्षेत्री मारणार नाही, चतुर्दशीला मारणार नाही. आपल्या ‘श्रावण आहे ना, मग नको’ची ही जुनी भावंडं.

डॉक्टरांच्या मुद्द्यावर मात्र हसणं अवघड आहे, कारण हे वाचून कुणीतरी खरंच गोळ्या थांबवतो. नऊ अडथळ्यांत पहिला आहे व्याधी. पुढच्याच सूत्रात दुःख, मनाची खिन्नता, अंगाचा कंप, विस्कटलेला श्वास ही या अडथळ्यांची सोबती म्हणून येतात. यातलं काहीही कमी साधनेची शिक्षा म्हणून मांडलेलं नाही, आणि व्याधी असताना वैद्य टाळा असंही कुठे नाही. नैराश्याची गोळी चालू असेल तर ती कमी करायची की बंद, हे डॉक्टर ठरवतील. आसनं, प्राणायाम सोबत चालू द्या. कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर आहे.

राहता राहिली ‘निगेटिव्ह’ माणसं. सूत्रात चार भावना आहेत: सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवंताविषयी मुदिता, म्हणजे आनंद, आणि अपुण्य करणाऱ्याबाबत उपेक्षा. फॉरवर्डने पहिल्या तीन गाळून चौथी तेवढी ठेवली आणि तीही भलत्याच पत्त्यावर पाठवली. दरवेळी तीच गुडघेदुखी आणि तोच परदेशी गेलेला मुलगा ऐकवणाऱ्या शेजारच्या काकू अपुण्य करत नाहीत, त्या दुःखात आहेत. त्यांच्या वाट्याला सूत्राने करुणा दिली आहे. ब्लॉकचं बटण नव्हे. आणि खरोखर अपुण्य करणारा, छळणारा माणूस घरात असेल तर? उपेक्षा सांगितली आहे ती आपलं चित्त त्याच्यापायी गढूळ होऊ नये म्हणून. त्याच्याविरुद्ध पोलिसांत जाऊ नका, असं पतंजलींनी कुठेही लिहिलेलं नाही.