हवानाचे आजोबा

फ्रेमवाल्याने प्रिंट उजेडात धरली, जरा गप्प झाला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "साल?"

"१९३३."

"खाली टाकू ना? जन्मतारीख पण द्या मग. आणि हाराला वर हूक."

त्या क्षणी मी ओळखायला हवं होतं. आपल्याकडे भिंतीवर कृष्णधवल फोटो चढला की माणूस गेलेलाच असतो. मला कॅरिबियन रस्त्यांचे जुने फोटो दिवाणखान्यात लावायचं खूळ लागलं, तेव्हा हा नियम लक्षातच आला नाही.

हा माणूस अमेरिकन छायाचित्रकार वॉकर इव्हान्सने क्युबातल्या हवानात टिपलेला. पांढराशुभ्र सूट, गवती टोपी, मागे मासिकांची टपरी. मचादोच्या हुकूमशाहीचे शेवटचे महिने, शहर पेटलेलं, आणि हा असा उभा, जणू इस्त्री मोडू नये एवढीच काळजी. इव्हान्स एका पुस्तकाच्या कामासाठी तिथे गेला होता. मुक्काम संपत आला, तर हेमिंग्वेकडून उसने पैसे घेऊन आणखी राहिला. (हे मी बायकोला फ्रेमच्या बिलाआधी सांगितलं. उपयोग झाला नाही.)

तीन भिंतींत बीम निघाले. चौथीत ड्रिल गेलं, पण भोक एवढं झालं की रॉ प्लग आत जाऊन दिसेनासाच झाला. शेवटी भोक झाकेल तिथे फोटो लागला. आता संध्याकाळी समोरची ट्यूबलाइट बरोबर त्या टोपीवर पडते.

आई म्हणाली, "दक्षिणेची भिंत घेतलीस, शहाणा आहेस."

शेजारच्या काकूंनी चपला काढून आधी हात जोडले, मग माझ्याकडे निरखून पाहिलं. "नाक अगदी तुझं हो." मी खुलासा करायला तोंड उघडलं, पण नाकाची स्तुती माझ्या वाट्याला तशी कमीच येते.

बाबांसाठी शेजारी त्रिनिदादचा एक फोटो लावला होता, पोर्ट ऑफ स्पेनची जुनी फ्रेडरिक स्ट्रीट. चष्मा कपाळावर चढवून ते फोटोला नाक लावून उभे राहिले. "यात ओव्हल मैदान कुठंय?" मग १९७१ सुरू झालं. वाडेकर कप्तान, याच गावात वेस्ट इंडिजवर पहिला विजय, चार कसोटींत सुनीलच्या ७७४ धावा. "आणि सरदेसाईच्या ६४२, त्या कोणी मोजत नाही!" चहा गार झाला. फोटोतल्या रस्त्यावरच्या माणसांकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

पितृपक्ष लागला तशी आई वही घेऊन बसली.

"यांची तिथी कुठली रे?"

"आई, ते हवानाचे आहेत. नाव-गाव कोणालाच माहीत नाही."

"मग सर्वपित्रीला घेऊ," असं म्हणत तिने यादीत 'टोपीवाले' लिहिलं, आणि दुधाचा हिशेब अर्ध्या लिटरने वाढवला.