मामा मनोहरच्या बाहेर उभे होते

बायकोचे नागपूरचे मामा येणार, तर त्यांना आणायला विमानतळावर जायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. मामांनी तिकिटाचा फोटो पाठवला. त्यावरचं 'गोवा' आणि सकाळची अकराची वेळ एवढंच वाचून मी फोन खिशात टाकला. आम्हा फोंडेकरांना विमानतळ म्हणजे दाबोळी. बोरीचा पूल ओलांडला, वेर्णा गाठलं की आलंच.

साडेअकरा झाले तरी मामांचा पत्ता नाही. मी मुळीच घाबरलो नाही. दाबोळी म्हणजे नौदलाचा तळ, आयएनएस हंसा. प्रवासी विमानं तिथली भाडेकरू. घरमालकांचा सकाळचा सराव चालू असला की भाडेकरूंनी अंगणात पाऊल टाकायचं नाही. हे सगळं मी शेजारच्या टॅक्सीवाल्यालाही समजावून सांगितलं. तो 'हय हय' म्हणत पेपर वाचत राहिला. मग मामांनी अकराचं तिकीट काढलंच कसं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही.

तेवढ्यात फोन वाजला.

"जावईबापू, कुठी आहात तुम्ही? मी मनोहरच्या बाहेर उभा आहे!"

मनोहर? खाणावळ असणार. मामांना भूक सहन होत नाही, हे आमच्या लग्नात साऱ्या मांडवाने पाहिलं होतं. "तिथेच थांबा, काहीतरी मागवा," असं सांगून मी बाहेरच्या रस्त्यावर मनोहर शोधू लागलो. दोन हॉटेलं आणि एक केशकर्तनालय झाल्यावर एका भुसारी दुकानदाराला विचारलं. त्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"मनोहर? भाईंचं नाव दिलेला? तो मोपाला!"

मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ. 11 डिसेंबर 2022 ला उद्घाटन झालं, 5 जानेवारी 2023 पासून विमानं सुरू झाली, सगळं मी पेपरात वाचलेलं. पण बोलताना आम्ही सगळे 'मोपा'च म्हणतो. पर्रीकरांचं नाव फक्त पाटीवर, आणि पाटी वाचतो तो पाहुणाच. 3,702 चौरस किलोमीटरचं आमचं राज्य. त्यात दक्षिणेला एक विमानतळ, उत्तरेला एक. मधल्या माणसाने नक्की कुठे जायचं ते विमान कंपनी ठरवणार.

गाडीत बसलो आणि उगाचच 1961 चा डिसेंबर आठवला. भारतीय विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले, तरी पोर्तुगीजांची दोन विमानं रात्रीच्या अंधारात उरलेल्या तुकड्यावरून उडून कराचीला पोचली. आणि मला भर दिवसा, शाबूत रस्त्यावर, एक मामा सापडेनात.

जुवारीचा पूल, मग मांडवीचा. पर्वरीला उड्डाणपुलाच्या कामात गाडी अशी अडकली, की बाजूच्या ट्रकवाल्याच्या घरची सगळी हकिगत मला कळली. म्हापसा, कोलवाळला शापोरा नदी, धारगळ, आणि मग ते पेडण्याचं पठार. इथून सावंतवाडी माझ्या घरापेक्षा जवळ. सकाळी बोरीला एकदा जुवारी ओलांडली होती, ती वेगळीच.

मामा सुटकेसवर बसून तिसरा वडापाव खात होते. त्यांनी शांतपणे तिकीट काढून दाखवलं. "हे काय लिहिलंय? जीओएक्स." दाबोळीचं जीओआय. शेवटचं एक अक्षर न वाचल्याबद्दल मी अर्धा गोवा पालथा घातला होता.

आठ दिवसांनी मामा परत निघाले तेव्हा मी तिकीट तीनदा वाचलं, बायकोकडूनही वाचून घेतलं. जीओआय. दोन तास आधी त्यांना दाबोळीला नेऊन उतरवलं आणि छाती काढून उभा राहिलो. मामांनी इमारतीवरची पाटी एकदा इकडून, एकदा तिकडून पाहिली आणि सुटकेस खालीच ठेवली.

"जावईबापू, इथी तर मनोहर दिसत नाही!"