‘वावर आपलं, आभाळही आपलंच’ : ड्रोनच्या व्हायरल संदेशाला मुद्देसूद उत्तर

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या शेतकऱ्यांच्या आणि फोटोग्राफरांच्या ग्रुपांवर एक संदेश फिरतो आहे. त्यात पाच दावे आहेत. २५० ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला कायदाच लागू नाही. स्वतःच्या शेतावर तो कितीही उंच न्या. फवारणीचा ड्रोन हे शेतीचं अवजार, त्याला लायसन नको. लग्नात उडवायचा तर पोलीस पाटलाच्या कानावर घाला, पुरे. आणि रात्री अनोळखी ड्रोन दिसला तर खुशाल पाडा. पहिल्या दोन दाव्यांत थोडं तथ्य आहे, म्हणूनच हा संदेश लोकांना पटतो आणि म्हणूनच तो धोक्याचा आहे.

‘२५० ग्रॅमच्या आत नियम नाही’

२५ ऑगस्ट २०२१ रोजी लागू झालेल्या ड्रोन नियमांत वजनावरून पाच गट पाडले आहेत. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल, मग मीडियम आणि लार्ज. नॅनोला रिमोट पायलट प्रमाणपत्र (ड्रोन चालवण्याचं लायसन) लागत नाही, टाइप सर्टिफिकेट (ड्रोनच्या मॉडेलची सरकारी मान्यता) लागत नाही, थर्ड पार्टी विमाही सक्तीचा नाही. इथवर संदेश बरोबर आहे. नोंदणीचं मात्र तसं नाही. २०१८ च्या जुन्या व्यवस्थेत ५० फुटांखाली उडणाऱ्या नॅनोला नोंदणीतून सूट होती. ती आता उरलेली नाही. डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, ईजीसीए पोर्टलवर डी-२ अर्ज भरून, १०० रुपये शुल्क देऊन यूआयएन, म्हणजे ड्रोनचा ओळख क्रमांक, घ्यावा लागतो. लाल झोन, म्हणजे ड्रोनबंदीचं क्षेत्र, तर केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय सगळ्यांनाच बंद, ड्रोन हलका असो की जड.

वजन मोजतात ते उडतानाचं, सगळ्या सामानासकट. २४९ ग्रॅमच्या ड्रोनला पात्यांभोवती गार्ड लावले किंवा जास्त वेळ चालणारी मोठी बॅटरी बसवली की तो मायक्रो झाला. मायक्रो हौसेनं उडवायला प्रमाणपत्र नको, पण पैसे घेऊन लग्नाचं शूटिंग केलं की तो व्यवसाय. मग प्रमाणपत्र हवंच. विमा तर मायक्रोला हौसेसाठीही लागतो. शिवाय ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. सूट फक्त संशोधन, संरक्षण आणि सुरक्षेच्या कामांना. बिलाशिवाय मिळणारा बाहेरचा ड्रोन स्वस्त असेल, पण नोंदणीच्या वेळी त्याचे कागद कुठून आणणार?

‘शेत माझं, परवानगी कशाला?’

हिरव्या झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत, म्हणजे साधारण १२० मीटरपर्यंत, आधी परवानगी लागत नाही हे खरं आहे. पण झोन सातबाऱ्यावरून ठरत नाही, डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशावरून ठरतो. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हिरवी मर्यादा २०० फुटांवर येते. त्याच्या वर पिवळा झोन, तिथे एटीसीची, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची, परवानगी हवी. जळगावचा विमानतळ, भुसावळ आणि वरणगावच्या आयुध निर्माण्या, दीपनगरचं वीज केंद्र हे सगळं एकाच जिल्ह्यात आहे. या भागात नकाशा न बघता ड्रोन उडवणं म्हणजे डोळे मिटून हायवे ओलांडणं. पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल झोनही जाहीर करू शकतो, म्हणून कालचा हिरवा रंग आज धरून चालायचं नाही. नकाशा दर वेळी उडवण्याआधी बघायचा.

उंचीचाही एक घोळ सतत होतो. रिमोटच्या स्क्रीनवर दिसते ती उंची जिथून ड्रोन उडवला त्या जागेपासूनची असते, खालच्या जमिनीपासूनची नव्हे. तोरणमाळला सीताखाईच्या कड्यावरून ड्रोन १०० मीटर वर नेला आणि मग दरीवर सरकवला, तर दरी जिथे २०० मीटर खोल आहे तिथे तो जमिनीपासून ३०० मीटरवर असतो. स्क्रीन मात्र १०० च दाखवते.

‘फवारणीच्या ड्रोनला लायसन नको’

इथे संदेश पूर्ण चुकीचा आहे, आणि नुकसानही इथेच सर्वांत जास्त होतं. १० लिटरची टाकी भरली की फवारणीचा ड्रोन २५ किलोच्या आसपास भरतो. म्हणजे स्मॉल गट. मायक्रोची सूट त्याला नाही. प्रमाणपत्र हवंच: वय १८ ते ६५, दहावी पास, मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण, मुदत १० वर्षं. पासपोर्टची अट सप्टेंबर २०२३ मध्ये गेली, त्यामुळे तीही सबब राहिली नाही. नमो ड्रोन दीदी योजनेत बचतगटाच्या महिलांना १५ दिवसांचं प्रशिक्षण मिळतं. त्यातले ५ दिवस पायलटचे आणि १० दिवस शेती-औषधांचे. हा १० दिवसांचा भाग जास्त का, ते एकदा टाकीशी उभं राहिलं की कळतं.

पाठीवरच्या पंपानं एकरी १५० ते २०० लिटर पाणी जातं, ड्रोननं साधारण १० लिटर. औषधाची एकरी मात्रा तीच, पाणी पंधरावा-विसावा हिस्सा. म्हणजे टाकीतलं द्रावण पंधरा-वीस पट जहाल. २०१७ मध्ये यवतमाळात कपाशीवर फवारताना विषबाधेनं वीसहून अधिक माणसं गेली, ती पंपाच्या पातळ द्रावणानं. ड्रोनची टाकी भरणाऱ्यानं हातमोजे, गॉगल, मास्क घालणं त्याहून जास्त गरजेचं आहे.

दोन-तीन औषधं एकत्र करायची आपली सवय इथे महागात पडते. कमी पाण्यात ती फाटतात, तळाला गाळ बसतो, नोझल तुंबतं आणि एक पट्टा कोरडा, एक पट्टा करपलेला निघतो. आधी काचेच्या बरणीत, टाकीत पडणार त्याच प्रमाणात पाणी आणि औषधं मिसळा, अर्धा तास थांबा. थर, गाठी किंवा गाळ दिसला तर ते मिश्रण टाकीत घालू नका.

उंची पिकाच्या शेंड्यापासून २ ते ३ मीटर. केळीवर त्याहून खाली आलात तर पंख्यांच्या वाऱ्यानं पानं चिरतात. वर गेलात तर थेंब पानावर बसण्याआधीच उडतो, शेजारच्या मृगबागेत (मृगाच्या सुमारास लावलेल्या केळीत) किंवा विहिरीत जातो. खान्देशातल्या उन्हात दुपारी बारीक थेंब वाटेतच सुकतो, म्हणून फवारणी सकाळी लवकर, वारा पडलेला असताना. केंद्रानं एप्रिल २०२३ मध्ये पीकवार पद्धती दिल्या, त्या दहा पिकांच्या. कपाशी, मका, सोयाबीन, तूर, गहू त्यांत आहेत. केळी नाही. कपाशीचं प्रमाण केळीला लावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आणि तारा. खालचं अंतर मोजणाऱ्या रडारला बांधावरच्या डीपीची बारीक तार दिसेल याची खात्री नाही. आधी बांधावरून चालत फिरा, खांब, तारा, झाडं नकाशात अडथळे म्हणून टाका. बॅटरी उतरवली की लगेच चार्जिंगला लावू नका, सावलीत हाताला गार लागेपर्यंत ठेवा. ठेवणीत दर सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास राहू द्या. फुगलेली बॅटरी परत उडवायची नाही, मे महिन्यात बंद गाडीत तर कुठलीच ठेवायची नाही.

‘लग्नात पोलीस पाटलाला सांगितलं की झालं’

नाही. झोन वेगळा आणि जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश वेगळा. भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली ड्रोनबंदीचा आदेश असेल, तर झोन हिरवा असूनही उडवता येत नाही. याची चौकशी पोलीस ठाण्यात करायची. आदेश नसला म्हणून झोनचा नियमही सुटत नाही.

गर्दीवरून उडवणाऱ्यांनी साधा हिशेब करावा. ९०० ग्रॅमचा ड्रोन सेकंदाला १५ मीटर वेगानं आदळला तर सुमारे १०० ज्यूल ऊर्जा. ताशी १०० किलोमीटरनं आलेल्या क्रिकेटच्या चेंडूची ६२. शिवाय पाती फिरत असतात. मंडपात गडबड होते ती दोन कारणांनी. लोखंडी पाइप, जनरेटर किंवा गाडीच्या बॉनेटजवळून उडवला की कंपास बिघडतो आणि ड्रोन वाकडा सरकतो. दुसरं, सिग्नल तुटला की तो आपोआप परत येतो, पण परतीची उंची २० मीटरच ठेवलेली असते आणि वाटेत हॅलोजनचा खांब किंवा लिंबाचं झाड. उडवण्याआधी आजूबाजूचं सर्वांत उंच काय ते बघून त्याच्या वर परतीची उंची ठेवा. अपघात झालाच तर ४८ तासांत डीजीसीएला कळवणं बंधनकारक आहे.

‘रात्री दिसला की पाडा’

२०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात ‘चोर ड्रोननं रेकी करतात’ या भीतीनं गावंच्या गावं जागली. भीती खोटी म्हणून हसण्यावारी नेऊ नये. घरात म्हातारी माणसं, लेकरं असतात. पण पाडण्याचा अधिकार गावकऱ्याला नाही. गोळी किंवा दगड चुकला तर खाली माणसं असतात, लागला तर जळती बॅटरी कुणाच्या तरी कडब्यावर पडते. ड्रोन पोलिसांचाही असू शकतो.

आधी बघा: छोट्या ड्रोनची बॅटरी अर्धा तास चालते. उजेड तासभर एकाच जागी असेल तर तो तारा किंवा ग्रह. लाल-हिरवे दिवे सरळ रेषेत जाऊन क्षितिजाला लागले तर विमान. धुळ्याजवळच्या गोंदूर आणि शिरपूरच्या धावपट्ट्यांवरून तर प्रशिक्षणाची विमानं उडतात. जवळचा ड्रोन घोंगावतो, तो आवाज ऐकू येतो. खात्री वाटली तर ११२ ला फोन करा: वेळ, आला कुठून, गेला कुठे, किती मिनिटं थांबला. व्हिडिओ काढताना चौकटीत एखादा खांब किंवा छपराची कड येऊ द्या, नाहीतर काळ्या पडद्यावरच्या ठिपक्यावरून पोलिसांना दिशाही कळत नाही आणि उंचीही.