साडेतीन बाय दोन

अनुवादाची कामं घ्यायला लागून तीन वर्षं झाली तरी माझ्याकडे व्हिजिटिंग कार्ड नव्हतं. कुणी नंबर मागितला की मी बसच्या तिकिटामागे लिहून द्यायचो. तिकिटं इतकी चिमुकली, की शेवटचे दोन आकडे समोरच्याच्या तळहातावर जायचे. तेवढ्यात ताईच्या मुलाची मुंज ठरली. दादरचा हॉल, तीनशे पानं. म्हटलं, गिऱ्हाइकं पानावर बसलेली सापडणार, आता कार्ड हवंच.

डिझायनरने सांगितलेला आकडा ऐकून माझ्यातला कलावंत जागा झाला. साडेतीन बाय दोन इंचांचा तर कागद! त्यात नावाखाली नंबर छापणं मला जुनाट वाटलं. सगळं क्यूआर कोडमध्ये घालायचं, स्कॅन केला की नाव-पत्ता थेट समोरच्याच्या फोनमध्ये. आणि मराठीचा अनुवादक म्हटल्यावर मजकूर मराठीतच. नाव, हुद्दा, चार ओळींचा परिचय आणि पत्ता. पत्ता म्हणजे सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित, दुसरा मजला, पिठाच्या गिरणीवर, जुन्या रेशन दुकानासमोर. बटण दाबलं आणि पडद्यावर वारूळ फुटलं.

गिरगावातल्या प्रेसमधल्या ऑपरेटरने ते पाहून शांतपणे विचारलं, "साहेब, खाजेच्या मलमाचं काम आहे का?"

मग त्याने मला माझ्याच भाषेचा हिशेब समजावला. इंग्रजी अक्षराला कोडमध्ये एक बाइट लागतो, आपल्या अक्षराला तीन. काना, वेलांटी, रफार यांचे पुन्हा वेगळे. म्हणजे एकट्या 'गृहनिर्माण'ला ३० बाइट! ज्या संस्थेने मला आजवर पार्किंग दिलं नाही, ती माझ्या कार्डावर एवढी जागा अडवून बसली होती.

त्यात मला मधोमध बोरूचं चित्र हवं होतं. कोडची दुरुस्तीची पातळी वाढवली तर जवळजवळ ३० टक्के भाग झाकला गेला तरी तो वाचता येतो, हे मी कुठेतरी वाचलं होतं. मात्र त्यासाठी जादा माहिती भरावी लागते, म्हणजे ठिपकेही वाढतात. लोकलच्या बाकावर चौथ्याला जागा द्यावी तसा बोरू बसला आणि बाकीचे चेंगरले. एका ओळीत शंभराच्या वर ठिपके, आणि अख्खा कोड अंगठ्याच्या नखाएवढा. शिवाय मी तो मरून पार्श्वभूमीवर क्रीम रंगात काढला होता आणि भोवती अगदी चिकटून पैठणीचे मोर. माझ्या फोनने तो एकदाच वाचला, बहुधा ओळखीपोटी. ऑपरेटरच्या फोनने ढुंकूनही पाहिलं नाही.

"गडद ठिपके, फिकी जमीन. आणि चारी बाजूंनी चार-चार ठिपक्यांएवढी जागा मोकळी," तो म्हणाला. "मोर उडवा."

मोर उडवताना मला खरंच वाईट वाटलं. घरी येऊन वाचलं, तर १९९४ साली जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा यांनी हा कोड काढला तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला. कारखान्यात तेलाचे डाग पडले तरी वाचता यावा, अशी त्याची बांधणी. तेल चालतं त्याला. मोर चालत नाही.

शेवटी कोडमध्ये फक्त एक छोटी लिंक राहिली. पांढऱ्यावर काळा, ठसठशीत. बोरूही गेला. टपरीवरच्या पोऱ्याचा फुटक्या काचेचा फोन, ऑपरेटरचा फोन, सगळीकडे पहिल्या फटक्यात उघडला. दोनशे कार्डं, मॅट लॅमिनेशन.

मुंजीच्या दिवशी मी हॉलच्या दारातच उभा राहिलो. पहिलं कार्ड अप्पाकाकांना. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, खिशातून फोन काढला आणि सवयीने पैसे पाठवायचं अ‍ॅप उघडलं.

"नाव येत नाही रे तुझं. किती टाकायचे?"

"काका, पैसे नाहीत, ते माझं…"

"पत्रिकेत तर 'आहेर आणू नये' छापलंय," मागून काकू म्हणाल्या. "अहो, पाचशे एक टाका. दारात उभा केलाय त्याला, बरं दिसत नाही."

बघता बघता माझ्यासमोर रांग लागली. प्रत्येकाच्या हातात फोन, प्रत्येकाचं एकच, "नेटवर्क नाही वाटतं." आतून ताई शालू सावरत धावत आली. तिने रांग पाहिली, माझ्या हातातला गठ्ठा पाहिला.

"अरे, भिक्षावळ बटूची असते," ती दातओठ खात म्हणाली, "मामाची नाही!"